मिक्सिंगमध्ये होईल ना!

"वेव्ह पाठवलीय बघ," असा काकांचा मेसेज काल रात्री आला आणि मला क्षणभर खरंच भरून आलं. काका अभंग गाणार आणि मी मिक्सिंग करणार, म्हणजे गळा आणि साथ एकत्र नीट बसवणार, असं ठरलेलं. त्यासाठी वेव्ह, म्हणजे न दाबलेली पुऱ्या आवाजाची फाइल, द्या म्हणून केव्हापासून मागे लागलो होतो! काका, व्हॉइस नोट नको. काका, वेव्ह हवी. काका, ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आषाढी तोंडावर आलीय, अभंग एकादशीच्या सकाळी टाकायचाय, आणि अखेर काकांनी ऐकलं म्हणायचं.

फाइल उघडली. मोनो. स्पेक्ट्रम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख) लावला तर ८ किलोहर्ट्झच्या वर काही म्हणजे काही नाही. सपाट काळं. मग माझी ट्यूब पेटली. काकांनी व्हॉइस नोटच केली होती. ती कुठल्याशा फुकट कन्व्हर्टरमध्ये घालून तिची वेव्ह करून घेतली आणि ती डॉक्युमेंट म्हणून मला धाडली. म्हणजे मी सांगितलेलं त्यांनी शब्दशः पाळलं. एक्स्टेन्शन वेव्ह, पाठवणं डॉक्युमेंट. आता भांडू तरी कुठल्या तोंडाने?

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर मी इथे लिहायला बसलो नसतो. हेडफोन चढवले. पहिल्या सेकंदापासून पंखा. पाचवर. फोन आपला हुशार. काका श्वास घ्यायला थांबले की तो गेन (माइकची आवाज उचलायची ताकद) वर ओढतो, मग प्रत्येक ओळीनंतर पंखा भस्सकन पुढे येतो आणि काका गायला लागले की मागे सरतो. पंख्याची आणि काकांची जुगलबंदीच. मायनस ट्रॅक, म्हणजे गाण्याशिवायची नुसती साथ, हेडफोनमध्ये लावायचा असतो, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तो लावला टीव्हीवर. त्यामुळे काकांच्या आवाजात एक पेटी आहे, माझ्या ट्रॅकमध्ये दुसरी पेटी आहे, आणि दोन्ही एकत्र वाजवल्या की मधल्या स्वरांना भोकं पडतात. ट्रॅक मिलिसेकंदानं मागेपुढे सरकवला की ती भोकं जागा बदलतात, जात नाहीत. 'पंढरपूर' म्हणताना दोन्ही 'प' थेट माइकच्या तोंडावर, धप् आणि धप्. दुसऱ्या अंतऱ्यात कुकरची शिट्टी. आणि शेवटी काकांनी तार षड्जावर लांबलचक आकार लावलाय. सुरेल लावलाय, खोटं का बोला. पण तो एकसारखा चाललेला स्वर म्हणजे नॉइज आहे असं फोनला वाटलं आणि त्याने तो हळूहळू पुसून टाकला. पंखा ठेवला. आकार पुसला!

फोन केला. म्हटलं, "काका, हे नाही होणार, परत गायला लागेल."

"अरे बाळा, गळा आज लागला तसा उद्या लागेल का? आणि तुमच्याकडे ते एआय आलंय ना आता? मिक्सिंगमध्ये होईल ना ते!"

मिक्सिंगमध्ये होईल. या दोन शब्दांनी माझं निम्मं आयुष्य खाल्लंय. तळपायाची आग मस्तकात जाते. काय होईल मिक्सिंगमध्ये? ८० हर्ट्झला हायपास (त्याखालचं गाळून टाकणारी चाळणी) लावला तर 'प'चे दणके थोडे बसतील. २५०-३०० ला दोन-तीन डेसिबल (डीबी) काढले तर कोंदटपणा कमी होईल. पण जे रेकॉर्डच झालं नाही ते मी आणू कुठून? आणि एआयने पंखा जातो, जातो ना, पण जाताना 'ळ' आणि 'ण' चावून जातो, श्वास नेतो, आणि उरतो तो पाणचट आवाज. त्यात क्लिप झालेले, म्हणजे फार जोरात आल्याने माथा कापला गेलेले स्वर! तिथे तर विषयच संपला. लागलेल्या दुधात कितीही वेलची घाला, बासुंदीचा करपट वास जात नाही. अरे, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा, मीटर उणे १२ च्या पुढे जाऊ देऊ नका, जागाच जागा आहे. पण नाही. लाल दिवा लागला की लोकांना वाटतं, आवाज जोरात आला, छान आला.

काकांना म्हटलं होतं, हॉलमध्ये गाऊ नका. चकाचक विट्रिफाइड टाइल्स, काचेचं शोकेस, पडदे धुवायला टाकलेले. त्या हॉलचा घुमारा आवाजात एकदा बसला की तो गळ्याला न खरवडता पुरता निघत नाही. म्हटलं, बेडरूममध्ये जा, कपड्यांचं कपाट उघडा, त्याच्याकडे तोंड करून गा, मागे दोरीवर एक जाड गोधडी टाका. तर म्हणाले, "पांडुरंगाचा अभंग मी कपाटात तोंड घालून म्हणू?" यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा.

आणि आता विषय निघालाच आहे तर अंड्यांच्या ट्रेंचंही बोलून घेऊ. कोण शिकवतं हे? दर महिन्याला कुणीतरी भिंतभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेला फोटो पाठवतो, खाली 'साउंडप्रूफ स्टुडिओ रेडी'. अरे बाबा, पुठ्ठा आहे तो! तबल्यातल्या बायाँचा घुमार त्यातून आरपार जातो, शेजारचा मिक्सर आरपार येतो, आणि वायरिंगची एक ठिणगी पडली तर तुझ्यासकट सगळं जाईल. तीच गत एक इंची फोमची. तो फक्त वरच्या पट्टीचा चटका खातो आणि खालची धमधम तशीच ठेवतो, म्हणजे खोली आधी होती त्याहून कोंदट. १०० हर्ट्झच्या लाटेचा पावभागच ८५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, तिला एक इंच फोम काय अडवणार आहे? चार इंची रॉकवूल (दगडी लोकर) कोपऱ्यात लावा म्हटलं की 'ते दिसायला बरं नाही दिसत'.

अर्थिंग! अर्थिंग राहिलंच. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक आहे ते केवळ शोभेला. लॅपटॉप चार्जरला लावला की इंटरफेसमधून (माइक लॅपटॉपला जोडतो तो डबा) ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची १००, १५० अशी पिल्लावळ. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लाइट येतेय ना? पंखा फिरतोय ना? मग अर्थिंगचं काय करताय?" तेव्हापासून मी बॅटरीवर रेकॉर्ड करतो, आणि बॅटरी नेमकी चांगल्या टेकला संपते.

कंडेन्सर माइक घेणाऱ्यांचा वेगळा वर्ग घ्यायला हवा. 'स्टुडिओत तोच असतो' म्हणून घेतात. स्टुडिओत तो असतो कारण तिथे भिंती असतात, राजा. तुझ्या खोलीत त्याला तुझ्याआधी भंगारवाल्याचा भोंगा ऐकू येतो, मग बोअरचा पंप, मग फास्ट लोकलचा हॉर्न, आणि सगळ्यात शेवटी तू.

हां, माझ्या खोलीबद्दल मी गप्प बसावं हेच बरं. दहा बाय दहा, उंचीही जवळपास तेवढीच. मिक्सिंगसाठी याहून वाईट आकार शोधून सापडायचा नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही मिळून ५६ हर्ट्झच्या आसपास एकाच जागी घुमतात. मधोमध खुर्चीत बसलं की खर्ज गायब, दाराशी जाऊन उभं राहिलं की पखवाज बरगड्यांवर. म्हणून मी मिक्स करताना खुर्ची, दार, खुर्ची, दार अशा येरझाऱ्या घालतो. रेकॉर्डिंगला पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिना, अंगावरून गोधड्या सोडलेल्या. एकदा आई दार उघडून आत आली, माझा अवतार बघितला आणि काही न बोलता ताकाचा ग्लास ठेवून गेली. दिवसा जमत नाही म्हणून रात्री मिक्स करायचं, तर खालच्या आजोबांसाठी आवाज इतका बारीक ठेवावा लागतो की कानाला खालचे स्वर पुरे पोचतच नाहीत. हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मांडून ठेवलंय, आजोबांना कुठे माहीत! पण आजोबांचा तरी काय दोष.

आणि या सगळ्याने डोकं किती बिघडतं ते विचारू नका. चुलतभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पाहुणे मॉड्युलर किचन बघत होते आणि मी रिकाम्या बेडरूमच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. 'इथे फ्लटर आहे', म्हणजे टाळी समोरासमोरच्या भिंतींत फडफडतेय, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. वहिनींना वाटलं, भिंतीला ओल आहे. बायकोने तेव्हापासून लोकांच्या घरी टाळ्या वाजवायला बंदी घातलीय. आरती सोडून.

पण तरीही! तरीही सांगतो, सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी जमात म्हणजे फोनच्या स्पीकरवर ऐकून निकाल देणारी. रात्र रात्र जागून मिक्स करायचा आणि समोरून उत्तर, "बायाँ ऐकूच येत नाही रे." कसा येईल? त्या नखाएवढ्या स्पीकरमध्ये शंभर हर्ट्झ येतच नाहीत. मग बायाँला थोडं सॅच्युरेशन देऊन वरचे स्वरांश उभे करायचे, म्हणजे कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. ते केलं की तोच माणूस गाडीत ऐकतो आणि म्हणतो, "बायाँ जरा जास्तच झाला का?" मग पुढचं ठरलेलं: "अजून मोठं कर. त्या दुसऱ्या गाण्याएवढं मोठं." अरे, उणे ६ लफ्सपर्यंत (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) दाबून, चेपून, सपाट करून दिलं तरी स्पॉटिफाय ते उणे १४ लाच आणून ठेवणार. आठ डीबी खाली! हाती काय राहिलं? चेपलेला तबला.

आणि ऑटोट्यून. "थोडं ऑटोट्यून मार ना." १९९७ साली आलेलं ते सॉफ्टवेअर, त्याला बारा घरं ठाऊक आहेत आणि प्रत्येक स्वर त्यातल्या एका घरात नेऊन बसवायचा एवढंच येतं. मींड त्याला जिना वाटते. गंधारावरून षड्जावर घसरत येणारा गळा तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतो. आंदोलन दिसलं की त्याला वाटतं, गायकाचा तोल गेला. स्पीड कमी करा, स्वर हाताने ओढा, एकेक हरकत वाचवत बसा, आणि मग समोरून ऐका, "तू काही केलंच नाहीस वाटतं? आवाज तसाच आहे." अहो, तसाच ठेवायलाच तर रात्र गेली!

एकोवाल्यांबद्दल मी बोलणार नाही. भजन असो, लावणी असो, वाढदिवसाचं निवेदन असो, यांना एको हवा. रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) आणि डिले (मागून येणारा पडसाद) वेगळे असतात हे सांगणं मी सोडून दिलंय.

सगळ्याच्या शेवटी पैसे. "देवाचं काम आहे रे, यात पैसे काय मागतोस." बरोबर. फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स दिला, ते देवाचं काम नव्हतं. शूटिंगवाल्या पोराने ड्रोनचे वेगळे लावले, ते निमूट दिले. टाळ वाजवायला आलेल्यांना मानधन आणि नाष्टा. मिक्सिंगवाला मात्र 'आपलाच आहे'. गेल्या वर्षीच्या गाण्याच्या पोस्टरवर नाष्ट्याचं सौजन्य ठळक अक्षरात होतं, फेट्यांचं होतं, फेटे कुणी बांधले त्याचंही होतं. मी अगदी खाली, 'विशेष आभार'मध्ये, भटजींच्या आणि सोसायटीच्या वॉचमनच्या मधोमध. आडनाव चुकलेलं. फोन करून सांगितलं तर म्हणे, "पुढच्या वेळी करू की नीट."