माल उचलणाऱ्यावर ओरडण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा

रागात लिहितेय. उद्यापर्यंत थांबले तर शांत होईन आणि मग लिहिणं राहूनच जाईल, म्हणून आत्ताच.

आज आमच्या डॉकवर, म्हणजे ज्या लांब धक्क्याला आमची घरं बांधलेली आहेत तिथे, एक नवं कुटुंब राहायला आलं. मराठी कुटुंब, म्हणून आठवडाभर मीच जास्त खूश होते. माझ्या यादीतल्या बहुतेकांना मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटोला तरंगत्या घरात राहते हे माहीत आहे. सूर्यास्ताचे फोटो टाकले की तुम्ही सगळे 'स्वर्ग आहे गं' असं लिहिता. आहेच. पण या स्वर्गात ट्रक येत नाही. रिचर्डसन बेमधली ही चारशेहून जास्त घरं पाण्यावर आहेत आणि रस्ता पार्किंगमध्येच संपतो. तिथून पुढे गँगवे, म्हणजे काठावरून डॉकवर उतरणारा पूल, मग डॉक, मग ज्याच्या त्याच्या दारापर्यंत आणखी एक छोटी उतरती फळी. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक गादी, प्रत्येक पातेलं माणसाच्या हातून किंवा हातगाडीवरून जातं. दुसरा मार्ग नाही.

तर ट्रक आला दुपारी तीनला. पौर्णिमेच्या दिवशी. हिवाळ्यात.

कोकणात वाढलेल्या कुणालाही एवढं सांगितलं की पुरे. उधाण! पौर्णिमा-अमावास्येची सगळ्यात मोठी भरती-ओहोटी. आपल्याकडे कोळीवाड्यातलं पोरही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतं. ते गणित इथे जसंच्या तसं चालत नाही, कारण इथल्या दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या एकसारख्या नसतात. पण गणित करायची गरजच काय? गोल्डन गेटजवळ १८५४ पासून पाण्याची पातळी मोजली जातेय, पश्चिम गोलार्धातली सर्वांत जुनी अखंड नोंद आहे ती. पुढच्या वर्षीच्या आजच्या तारखेला किती वाजता किती पाणी असेल ते फुकट बघता येतं, फोनवर. हिवाळ्यातल्या उधाणाला सकाळी दहा-अकराच्या सुमारास पाणी ७ फुटांच्या आसपास चढतं आणि संध्याकाळी कोष्टकातल्या शून्याच्याही खाली जातं. एका दिवसात ८ फुटांचा फरक. घरं पाण्यावर असल्यामुळे घरंही तेवढी खाली जातात. सकाळी जवळजवळ सपाट असलेला गँगवे संध्याकाळी शिडी होतो.

साडेचारला त्या शिडीवर फ्रिज होता. दोन दारांचा, मोठा. वरून दोघं पट्टा धरून आणि खालून एक मुलगा, बावीस-तेवीसचा असेल, फ्रिजला खांदा आणि गुडघा लावून. अंधारायला लागलेलं. ओल्या लाकडावर त्याचा बूट सरकत होता ते मला माझ्या दारातून दिसत होतं. आणि आमचे नवे शेजारी पार्किंगच्या कठड्याशी फोन हातात घेऊन उभे. त्यांना इंग्रजीत ओरडून सांगत होते, लवकर करा, मी तासाचे पैसे देतोय. मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी घरच्यासारखं हसत म्हणाले, "हमालच शेवटी हो वहिनी, डोकं कुठून असणार!"

मला काय वाटलं ते सांगायला नको, तुम्हालाही तेच वाटलं असतं. ज्या मातीत बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, ज्या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, जिथे शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणण्यासाठी माणसं भांडली, तिथून आलेला शिकलेला माणूस हे वाक्य बोलतो आणि मी हसून मान हलवावी अशी त्याची अपेक्षा असते. मी नाही हलवली. खाली गेले, शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणखी चार हात आले तेव्हा फ्रिज खाली उतरला. त्या मुलाच्या नडगीवरून रक्त येत होतं. त्याने ते जीन्सने पुसलं आणि पुढचा खोका आणायला वर गेला.

डोकं कुणी वापरायचं होतं? ज्याला कोण जाणे कुठल्या गोदामातून सकाळी ट्रकमध्ये बसवून पाठवलं, त्याने? की ज्याने दोन महिन्यांपूर्वी घर विकत घेतलं आणि ताबा घेण्याआधी ते चारदा पाहिलं, त्याने?

घर बदलायचं म्हणजे लोक खोके, चिकटपट्टी, पत्ता बदलण्याचे फॉर्म यांच्या याद्या करतात. करा. पण पाण्यावरच्या घरासाठी पहिला प्रश्न 'कधी' हा असतो, 'काय' हा नंतर. उधाण टाळायचं, अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती धरायची, तेव्हा चढउतार कमी असतो आणि दिवसभर गँगवे बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. अगदी उधाणातच यायची वेळ आली तर जड वस्तू मधल्या पाण्यावर काढायच्या. पूर्ण भरतीला नाही, कारण हिवाळ्यातल्या मोठ्या भरतीत पार्किंगमध्येच खारं पाणी शिरतं. जवळच्या मॅन्झनिटाच्या पार्क अँड राइड पार्किंगमध्ये ते कसं भरतं ते तुम्ही हायवेवरून जाताना पाहिलं असेल. सकाळी दहाला आलात तर ट्रकची चाकं पाण्यात आणि संध्याकाळी पाचला आलात तर फ्रिज शिडीवर. मधली वेळ शोधावी लागते, आणि ती कोष्टकात लिहिलेली असते.

मान्य, तारीख नेहमी आपल्या हातात नसते. जुन्या घराचा करार महिनाअखेरीला संपतो, सुट्टी मिळत नाही. मग निदान वेळ तरी आपल्या हातात असते, आणि कोणती वस्तू आधी उतरवायची तेही. फ्रिज आधी उतरवा, खोके शेवटी. ट्रकमध्ये सामान भरतानाच हे सांगावं लागतं. आज फ्रिज ट्रकच्या अगदी आत, सगळ्यात मागे होता.

आता त्या 'तासाच्या पैशां'विषयी. कॅलिफोर्नियात शंभर मैलांच्या आतलं स्थलांतर तासावर असतं आणि कंपनीला जास्तीत जास्त किती आकारणार ते लेखी द्यावं लागतं. चांगला नियम आहे. पण तो आकडा येतो तुम्ही दिलेल्या माहितीवरून. फोनवर 'दोन बेडरूम, जिने नाहीत' असं सांगितलं होतं म्हणे! जिने नाहीत हे खरंच आहे. डॉक किती लांब, वळण किती अरुंद, दार किती इंच, गँगवेवर वजनाची मर्यादा काय, यातलं काहीही सांगितलं नाही. तिघं आले, पाच लागले असते. वर धमकी, की ओरखडा पडला तर वसूल करीन. काही वेगळा विमा घेतला नसेल तर मूळ भरपाई पाउंडाला ६० सेंट असते, वस्तूच्या वजनावर. चाळीस पाउंडांचा टीव्ही फुटला तर २४ डॉलर. हे करारात छापलेलं असतं, सही करण्याआधी वाचायचं असतं. त्या मुलाला गँगवेवर ऐकवायचं नसतं.

सामान हलवणारे मूव्हर्स सगळे संत असतात असं मी म्हणत नाही. फसवणारेही आहेत, सामान अडवून जास्त पैसे मागणारेही आहेत. आजचे तसे नव्हते, एवढंच.

आणि खरी चीड मला दुसऱ्याच गोष्टीची आली. फ्रिज गँगवेवर अडकला होता तेव्हा आमच्या डॉकवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या शेजारीणबाई डायलिसिसहून परतल्या. वॉकर घेऊन चालतात. गँगवे बंद, म्हणून त्या गाडीत बसून राहिल्या, थंडीत, फ्रिज उतरेपर्यंत आणि त्यानंतर डॉकवर आडवा टाकलेला सोफा हटेपर्यंत. एक शब्द बोलल्या नाहीत. इथे डॉक हाच रस्ता, हीच गल्ली, हाच जिना. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर इथूनच येतं, आग लागली तर पाइप इथूनच ओढतात. 'दहा मिनिटं ठेवतो' म्हणून सोफा ठेवायला ते आपलं अंगण नाही. दोन दिवस आधी हार्बरच्या ऑफिसला कळवायचं, डॉकवरच्या शेजाऱ्यांना एक निरोप टाकायचा, कुणाला किती वाजता बाहेर जायचंय विचारायचं, सामायिक हातगाड्या कधी मोकळ्या असतील ते बघायचं. वीस मिनिटांचं काम आहे. अर्धा डॉक तुमच्या मदतीला येतो, फुकट, आणि वर केक घेऊन येतो. आजही आलेच ना लोक!

रात्री आठ वाजता मी नव्या शेजाऱ्यांकडे पिठलं-भात घेऊन गेले. जायचं नव्हतं, पण लहान मूल आहे घरात.

त्यांची बायको बिचारी खोक्यांच्या मधोमध बसून रडत होती. आजेसासूबाईंचं शिसवी कपाट दारातून आत जाईना, ते बाहेर चादर टाकून ठेवलेलं. पुस्तकांचे चाळीस-पन्नास खोके सगळे एकाच भिंतीला लावलेले आणि घर त्या बाजूला कललंय हे तिला चेंडू घरंगळला तेव्हा कळलं. ती घाबरली होती, घर बुडेल का म्हणून. मी तिला जवळ घेऊन समजावलं. घर बुडत नाही गं. चाळीस बाय सोळा फुटांच्या काँक्रीटच्या तळाला या पाण्यात एक इंच खाली जायला साधारण दीड टन लागतं. सगळं सामान मिळून एक-दोन इंचांचा प्रश्न. प्रश्न एकूण वजनाचा नसतो, ते कुठल्या बाजूला आहे याचा असतो. पुस्तकं दोन्ही भिंतींना वाटून लाव, फ्रिजच्या समोरच्या बाजूला धान्याचे डबे आणि तो पाटा-वरवंटा ठेव, आठवडाभर बघ आणि मग हलव. वाऱ्याने आणि ओहोटीला चिखलावर टेकताना घर थोडं कुरकुरतं, तेही सांगितलं, नाहीतर रात्री उठून बसली असती.

तिने विचारलं, "हे आम्हाला कुणीच का नाही सांगितलं, ताई?"

आणि तिथे माझा राग हलला. संपला नाही, हलला. नवऱ्याचं ते वाक्य मी विसरणार नाही, आणि मी त्याला ते उद्या तोंडावर सांगणार आहे. पण घर विकणाऱ्या एजंटने त्यांना तीन वेळा तरी आणलं, आणि तिन्ही वेळा सकाळी, भरतीला. गँगवे सपाट, पाणी काठोकाठ, पलीकडे माउंट टॅमचा डोंगर. ओहोटीचा चिखल आणि शिडी झालेला गँगवे त्यांना दाखवलाच नाही. दार २८ इंच आहे हे सांगितलं नाही. घर तुमचं पण खालची जागा भाड्याची, तिचे वेगळे नियम, हे म्हणे कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी होतं. वाळू-सिमेंटच्या घरातून आलेल्या माणसाला काय विचारायचं हेच माहीत नसतं. ज्याला माहीत होतं त्याने कमिशन घेतलं आणि गप्प बसला.

तरीही. माहीत नसणं वेगळं आणि स्वतःच्या माहीत नसण्याचं ओझं दुसऱ्याच्या नडगीवर टाकणं वेगळं. त्या मुलाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तो कुणावर ओरडला?

'त्यांना पैसे मिळतात ना' असं खाली लिहू नका. मिळतात, माहीत आहे मला. आणि पाणी, गरम चहा, बसायला एक खुर्ची, गँगवेवर दिवा, अंधार पडायच्या आत जड काम संपवणं, हे मिळत नाही. ते आपल्या हातात असतं. सामान कमी करणंही आपल्याच हातात असतं. इथे येण्याआधी निम्मं देऊन टाका. कपाटाचं माप घ्या, दाराचं घ्या, वळणाचं घ्या, बसत नसेल तर ते कपाट बहिणीकडे पोचवा. आजेसासूबाईंना राग येणार नाही.

आपल्यातले दोघं उन्हाळ्यात इकडे येण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: तेव्हा सगळं उलटं असतं. मे ते जुलैच्या उधाणात सगळ्यात खालची ओहोटी पहाटे किंवा सकाळी लवकर येते. 'ऊन चढायच्या आत' म्हणून मूव्हर्स सकाळी सातची वेळ देतील, ती घेऊ नका. अकरानंतरची मागा. आणि पैसे भरण्याआधी मला तारीख कळवा, मी कोष्टक बघून सांगते.