ओळीतली जुनी घरे पाडण्याच्या सल्ल्याला उत्तर

गोव्यातील लहान शहरांच्या जुन्या बाजारपेठांत एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. ही पोर्तुगिजांची विटांची घरे असून त्यांचे आयुष्य संपले आहे, ओल थांबवायची तर सिमेंटचा गिलावा करावा किंवा जुना गिलावा काढून दगड उघडा ठेवावा, तिथली पोर्तुगीज कौले आता मिळत नाहीत आणि ओळीतले एक घर पाडल्याने शेजारच्यांना धोका नसतो, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. या सल्ल्यावर विसंबून लोक घरे पाडतील, म्हणून त्याचे उत्तर द्यायलाच हवे.

ही घरे मुख्यत्वे विटांची नाहीत, चिऱ्यांची म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांची आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होत जातो. तो इथल्याच गवंड्यांनी चुन्यात बांधला, तेव्हा या घरांना केवळ पोर्तुगिजांची म्हणणे त्या कारागिरांवर अन्याय करणारे आहे. आयुष्य संपल्याचे म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी वाळवीने खाल्लेले वासे आणि गळके छप्पर हेच दुखणे असते. ते बदलता येते, त्यासाठी भिंती पाडाव्या लागत नाहीत.

ओलीविषयीचा सल्ला सर्वांत घातक आहे. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी शोषून वर चढवतो, आणि चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू बाहेर उडून जाऊ देतो. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. मग ओल भिंतीतच साठते, क्षार फुलतात आणि काही वर्षांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच गळून पडतो. गिलावा अजिबात न ठेवणे हाही उपाय नव्हे. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. तिचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा पावसाने झिजतो आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ‘नैसर्गिक’ दिसणाऱ्या भिंतीची हौस परवडणारी नाही. पाऊस ओसरल्यावर चुन्याचा हात फिरवण्याची जुनी रीत याच अनुभवातून आलेली आहे.

कौलांचे उत्तर थोडक्यात देता येते. ज्यांना पोर्तुगीज म्हटले जाते ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौले मंगलोरी आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ मध्ये त्यांचा कारखाना काढला. ती आजही मिळतात.

शेवटचा दावा मात्र शेजाऱ्यांच्या जिवाशी संबंधित आहे. ओळीतल्या घरांची मधली भिंत अनेकदा सामाईक असते आणि दोन्ही घरांचे वासे व तुळया तिच्यावरच टेकलेल्या असतात. एका बाजूचे घर काढले की त्या बाजूचा आधार जातो, आणि बांधल्यापासून कधीही पाऊस न पाहिलेली भिंतीची बाजू थेट पावसाच्या माऱ्यात येते. म्हणून पाडकामापूर्वी सामाईक भिंतीची तपासणी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावी, तिला टेकू द्यावेत, पावसाळ्याआधी तिच्यावर चुन्याचा गिलावा करावा, आणि या कामाचा खर्च घर पाडणाऱ्यानेच उचलावा.