काचेच्या बेशिस्तीबद्दल थोडं भांडण

काका, नमस्कार. काचेच्या लेसरवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी पोहे-जिलबी समोर ठेवून वाचली, पोहे गार झाले. तुमचं म्हणणं असं: काच म्हणजे बेशिस्त माल, तापली की तडकते, इन्फ्रारेड लेसरला स्फटिकच हवा, आपल्या कॅटमध्ये (इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) तेच वाढवतात, आणि ‘काचेतून हवी ती तरंगलांबी’ ही माझी थाप.

थाप नाही, पण वाक्य ढिलं होतं. कान पकडतो. थुलियम हे मूलद्रव्य घातलेल्या सिलिका काचेच्या तंतूतून साधारण १.८५ ते २.०५ मायक्रॉनपर्यंत सरकता येतं, ‘हवी ती’ नव्हे. पण पाणी १.९४ मायक्रॉनचा उजेड जोरात शोषतं, म्हणून तेवढ्यावरही मुतखडे फोडले जातात.

बेशिस्तीवर मात्र भांडणार. यॅगच्या (यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, लेसरचा नेहमीचा स्फटिक) आत उजेड देणाऱ्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या प्रत्येक आयनाला तोच शेजार, पंगतीतल्या पानांसारखा. म्हणून प्रकाशाची रेषा एक नॅनोमीटरहून अरुंद; सरकणार कुठे? काचेत प्रत्येकाचा शेजार वेगळा, ऊर्जापातळ्या जरा इकडेतिकडे, आणि सगळ्यांचा मिळून वीस-पंचवीस नॅनोमीटरचा पट्टा. त्यातून ग्रेटिंग (तरंगलांब्या वेगळ्या करणारी बारीक रेघांची पट्टी) फिरवून हवा तो तुकडा उचलायचा. तुम्ही ज्याला खोट म्हणता, त्यावरच तर सगळा धंदा चालतो!

माझ्या टेबलावर निओडिमियमच्या काचेचा बोटाएवढा तुकडा आहे. खिडकीत जांभळट, ट्यूबलाइटखाली निळसर. स्पिरिटच्या दिव्यात मीठ टाकून त्यातून पाहिलं, तर पिवळी ज्योत जवळजवळ गायब होते, कारण त्याचा शोषणपट्टा सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरला पुरून उरतो. काच फुंकणारे कारागीर याच कारणाने तसला चष्मा लावतात.

उष्णतेचं तुमचं बरोबर. यॅग काचेच्या दहापट उष्णता वाहतो. अमेरिकन शास्त्रज्ञ एलिआस स्निट्झरने १९६१मध्ये काचेचा लेसर चालवला तेव्हापासून हे दुखणं आहे. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत, म्हणजे अणुसंमीलनाच्या प्रयोगांसाठीच्या अजस्र काच-लेसरमध्ये, एका शॉटनंतर काच निवायला काही तास जातात. पण तीच काच केसासारखी ओढून कित्येक मीटर लांब केली, की जाडी उरतच नाही आणि उष्णता बाजूने निघून जाते. तंतूचे लेसर त्यामुळेच उभे राहिले.

काचेत घालायच्या बिस्मथ या धातूचं तुम्ही विचारलंच नाहीत, खरी गंमत तिथे आहे. त्याचा इन्फ्रारेड उजेड जपानमध्ये २०००च्या आसपास दिसला, रशियात २००५ला तंतूचा लेसरही झाला. आणि नेमका कोणत्या रूपातला बिस्मथ चमकतो, यावर अजून वाद चालू आहे.

रविवारी या. ट्यूबलाइट आहे, मीठ आहे. स्पिरिट संपलंय, येताना तेवढं आणा.