‘दोन तारा’ आणि बॉक्सएन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बॉक्सएन या वरून उघड्या मालवाहू वॅगनच्या छोट्या मॉडेलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टोपणनावाने लिहिलंत: ‘अमेरिकन डबा कापायचा, खाली दोन तारा चिकटवायच्या आणि त्याला हुबेहूब म्हणायचं, ही वाचकांची फसवणूक आहे. रूळच चुकीच्या गेजचा, गंज भडक, फोटो अंधुक.’

फोटो अंधुक आहेत, मान्य. वॅगन उलटी ठेवून, उजेडात काढलेले नवे टाकतो. पण ‘फसवणूक’ हा शब्द लागला. ना ओळख ना देख, आणि सरळ माणसाला लबाड ठरवायचं, ही कुठली रीत? हेच नीट शब्दांत विचारलं असतंत तर मीही तितक्याच आपुलकीने सांगितलं असतं.

आता त्या ‘दोन तारां’बद्दल. त्यातली एक तार म्हणजे ब्रेक पाइप. खऱ्या वॅगनखालून 32 मिमी पोकळीचा हा पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि त्यात चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाबाची हवा असते. बाहेरची जाडी धरून 1:87 प्रमाणात तो अर्ध्या मिमीचा होतो, म्हणून पितळी तारही अर्ध्या मिमीचीच घेतली. दुसरी तार म्हणजे सिलिंडरकडून बोगीकडे (वॅगनखालच्या चाकांच्या सांगाड्याकडे) जाणारा, ब्रेक ओढणारा दांडा, म्हणजे पुलरॉड. जुन्या बॉक्स वॅगनला व्हॅक्यूम ब्रेक होता: सिलिंडर मोठे, टोकाचा होज जाड. बॉक्सएनला एअर ब्रेक आला आणि खालची मांडणीच बदलली. हवेची टाकी, डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह (सिलिंडरकडे हवा सोडणारी झडप), आटोपशीर सिलिंडर. हे नसेल तर बाजूला कितीही सुबक अक्षरं रंगवा, ती बॉक्सएन नव्हे. टाकी आणि सिलिंडर मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवर पितळेत काढून घेतले. वॅगन रिकामी की भरलेली यानुसार ब्रेकचा जोर बदलायचा कडेचा दांडासुद्धा जागच्या जागी आहे. तो तुम्हाला दिसला नाही, कारण तुम्ही बघायला आलाच नव्हता, बोलायला आला होता.

आणि तयार अमेरिकन मॉडेलचा डबा कापला तो हौस म्हणून नाही. बॉक्सएनच्या दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर 6524 मिमी, ते मॉडेलवर 75 आलंच पाहिजे. अमेरिकन डब्याची 33 इंची चाकं या प्रमाणात साडेनऊ मिमीची पडतात, ती काढून 11 मिमीची युरोपीय घातली. खऱ्या मापात ते 957 मिमी होतं. बॉक्सएनचं नवं चाक 1000 मिमीचं, आणि 906 ला ते बाद करतात. म्हणजे माझं चाक निम्मं झिजलेलं, पण चालतं चाक आहे. इतका विचार करणाऱ्याला फसव्या म्हणायचं?

माझे वडील लोंढ्याला टीएक्सआरच्या (गाडी तपासणाऱ्या ट्रेन एक्झामिनरच्या) हाताखाली फिटर होते, मीटरगेजच्या दिवसांत. गाडी आली की हातोडी घेऊन चाकं वाजवत जायचे आणि चाक धड आहे की नाही ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. घरी जेवतानाही ब्रेकब्लॉकचीच चर्चा. वॅगन वरून नाही, खालून ओळखायची असते हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्या तारांना ‘दोन तारा’ म्हणालात तेव्हा मला ते आठवले, आणि म्हणून हे एवढं लिहितोय.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं: 1676 मिमीचा ब्रॉडगेज एचओमध्ये, म्हणजे या 1:87 प्रमाणात, 19.3 मिमी भरतो, आणि आपण 16.5 वर चालवतो. ठाऊक आहे. बाजारात रूळ तोच मिळतो, या छंदातले जवळपास सगळे तोच वापरतात. विषय संपला.

गंजाचं: मुरगावहून कोळसा भरून घाट चढून आलेला वॅगनांचा रेक एकदा लोंढ्यात उभं राहून बघा, मग भडक कशाला म्हणायचं ते ठरवू.

पुढचा लेख बीसीएन या बंद मालवाहू वॅगनच्या दारांवर आहे. माप चुकलं असं वाटलं तर आकडा घेऊन या, त्या आकड्यावर जरूर बोलू. ‘फसवणूक’ पुन्हा दिसलं तर प्रतिक्रिया काढून टाकीन.