चुंबक काढा, थर्मोस्टॅट परत बसवा

"जुनी गाडी ॲव्हरेज देत नाही? गॅरेजला पैसे घालवू नका, हे सात उपाय करा" हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. माझ्या गॅरेजमध्ये माणसं तो फोनवर उघडून दाखवतात आणि विचारतात, एवढं करून देता का? मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पेट्रोल पहाटे भरा, कारण थंड पेट्रोल दाट असतं. महिन्यातून एक टाकी पॉवर पेट्रोलची मारा. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधा. घाट उतरताना न्यूट्रल करा. एअर फिल्टर नवीन टाका, लिटरला दोन किलोमीटर वाढतील. थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन थंड राहिलं की पेट्रोल कमी पितं. आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर समजा इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन खाल्लं, गाडी काढून टाका.

साताऱ्यात एकोणीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय. या सातांमधला एक उपाय जिवावर बेतणारा आहे, एक पेट्रोल वाढवणारा आहे आणि बाकीचे बहुतेक बिनकामाचे आहेत. शेवटचा सल्ला ऐकून लोक धडधाकट गाड्या मातीमोल भावाने देऊन टाकतात, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करतो, कारण हा सल्ला नुसता फोनवर फिरत नाही, आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा तो देतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला मुठीत मावेल एवढा वॉल्व्ह. त्यात मेण भरलेली छोटी डबी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं, वॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. तोवर ते इंजिनमध्येच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. हा वॉल्व्ह जुना होऊन बंद अवस्थेत अडकला की गाडी गरम होते. मग कोणीतरी तो उपटून फेकतो, गाडी गरम व्हायची थांबते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या दिवसापासून ते इंजिन पुरतं तापतच नाही.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. पाणी थंड दिसलं की कॉम्प्युटर समजतो, गाडी नुकतीच सुरू झाली आहे, आणि पेट्रोल वाढवून सोडतो. पूर्वी थंडीच्या सकाळी आपण चोक ओढायचो ना, तेच काम. थर्मोस्टॅट नसलेली गाडी म्हणजे दिवसभर थोडा चोक ओढून पळवलेली गाडी. शिवाय थंड इंजिनात ऑइल घट्ट राहतं, न जळलेलं पेट्रोल त्यात उतरतं आणि इंजिनची झीज वाढते. म्हणजे "थंड इंजिन कमी पितं" हे वाक्य नेमकं उलटं आहे.

मागच्या पावसाळ्याआधी कोरेगावकडचे एक गुरुजी आले होते. २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, १,४०,००० किलोमीटर झालेली. पूर्वी लिटरला १६ द्यायची, आता ११ वर आली होती. बॉनेट उघडलं तर पेट्रोलच्या पाइपला दोन चुंबकं काळ्या टेपने घट्ट गुंडाळलेली. मी त्यांना शेजारी बसवून हायवेवर नेलं. चढाला तापमानाचा काटा थोडा वर यायचा, सपाटीला लागलो की परत खाली. स्कॅनर लावला तर पाणी ५८ अंशांवर. परत येऊन गाडी निवू दिली, थर्मोस्टॅटच्या घराचे दोन बोल्ट काढले, तर आत काहीच नाही, नुसता गाळ. "आधीच्या मिस्त्रीने काढला होता, मेसेजमध्येही तसंच लिहिलंय की," गुरुजी म्हणाले. ठिणगी टाकणारे स्पार्क प्लग काढून त्यांच्या हातावर ठेवले. चारही प्लगांची टोकं काजळीने काळी, बोट फिरवलं की बोटाला लागणारी. पेट्रोल नीट जळत असेल तर तिथे फिकट तपकिरी रंग दिसायला हवा.

हे तुम्हाला घरीही तपासता येतं. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि इंजिनकडून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाइपला हात लावा, फॅनपासून हात लांब ठेवून. पहिली काही मिनिटं पाइप थंडच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट एक तर नाही, नाहीतर उघडा अडकलाय. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडू नका.

नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत बसला आणि गाडी साडेतेरावर आली. सोळाच्या हिशेबात अजून अडीच किलोमीटर कमी होते. ते सापडले डाव्या पुढच्या चाकात. गुरुजींना मी दहा किलोमीटर चालवायला सांगितलं, शक्यतो ब्रेक न दाबता, आणि आल्यावर चारही चाकांजवळ हात न्यायला सांगितला. तीन चाकं कोमट, चौथ्याने हात लगेच मागे घ्यायला लावला. जॅक लावून चाक फिरवलं तर हाताने अर्धा फेराही पुरा होईना. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून जाम झाल्या होत्या, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटूनच राहायचे. गाडी रात्रंदिवस एक ब्रेक दाबून पळत होती. पिना साफ केल्या, नवं ग्रीस, नवे रबर बूट. कोकणातल्या आणि महाबळेश्वरकडच्या गाड्यांत तर हा दोष मी सगळ्यात आधी तपासतो, तिथला पाऊस पिना सोडत नाही. काही गाड्यांत हँडब्रेकची केबल जास्त ओढून ठेवलेली असते, तिचाही परिणाम हाच.

आता इथेनॉलचं. यात तथ्य आहे, पण मेसेज सांगतो तेवढं नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एका लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने कमी. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाबद्दलच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घटच दिली आहे. म्हणजे सोळाचे पंधरा होतील. सोळाचे अकरा झाले असतील तर उरलेले चार किलोमीटर दुसरं काहीतरी खातंय आणि इथेनॉलचं नाव पुढे केलं की ते शोधायचं राहून जातं. माझी काळजी वेगळी आहे. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, ते कडक होऊन चिरतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी पाइप बघून घ्या, कारण इथे प्रश्न ॲव्हरेजचा नाही, आगीचा आहे. आणि गाडी पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर हेही लक्षात घ्या की इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

पहाटेचं पेट्रोल. पेट्रोल तापलं की फुगतं हे खरंच आहे, दहा अंशांना साधारण एक टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे पहाट आणि दुपार यांच्यात जेमतेम एक-दोन अंशांचा फरक पडतो. तीस लिटर भरलेत आणि दोन अंशांचा फरक धरला तरी साठ मिलिलिटर होतात. एवढ्यासाठी झोपमोड करू नका. पंपावर माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते पंपावर असतं आणि त्यात मोजून घेण्याचा तुमचा हक्क आहे. शंभर-दोनशेऐवजी ११० किंवा २१० रुपयांचं भरलं की माप पूर्ण मिळतं असं काहीजण मानतात, त्याने मात्र मापात काही बदलत नाही.

पॉवर पेट्रोल म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, त्याबद्दल एकच सांगतो. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नाही, दाबाखाली वेळेआधी पेटू न देण्याची क्षमता. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर ठोकल्यासारखा आवाज न करता चालत असेल तर जास्त ऑक्टेनमधून त्याला काही मिळणार नाही.

चुंबकाचं तर शास्त्रच उभं राहत नाही. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा परिणाम जवळजवळ शून्य असतो आणि जो असतो तो पाइप ओलांडला की टिकत नाही. पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासली आहेत. लक्षात येण्याजोगा फायदा देणारं त्यात एकही सापडलं नाही, काहींनी तर इंजिनचं नुकसान केलं.

एअर फिल्टरवर माझं स्वतःचं मत बदललेलं आहे, म्हणून थोडं सांगतो. मीही वर्षानुवर्षं "फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल" म्हणत होतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खरं होतं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून बघितले, ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक आला नाही. कारण सरळ आहे. कॉम्प्युटर आत आलेल्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. हवा कमी आली तर पेट्रोलही कमी आणि गाडीचा पिकअप पडतो. तेव्हा फिल्टर पिकअपसाठी आणि इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून वेळेवर बदलाच, पण त्यातून दोन किलोमीटर वाढतील ही आशा धरू नका.

न्यूट्रलबद्दल मला हात जोडून सांगायचंय. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिनला फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल पुन्हा सुरू होतं, तासाला अर्धा-पाऊण लिटरच्या हिशेबाने. म्हणजे वाचवायला गेलात आणि उलट जाळलंत. त्याहून वाईट म्हणजे इंजिनचा रोध गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. पाचगणीहून वाईला पसरणी घाट न्यूट्रलमध्ये, ब्रेक दाबत उतरलेली एक गाडी मी घाटाच्या पायथ्याला बघितली आहे. चाकांतून धूर निघत होता आणि पेडल तळाला टेकत होतं. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, जुनं झालं की लवकर उकळतं आणि पेडल पोकळ होतं. गाडीत दोन मुलं होती. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

गुरुजींनी पहिल्यांदा ११ हा आकडा सांगितला तेव्हा मी विचारलं होतं, मोजलं कसं? "रिझर्व्हला आली की पाचशेचं टाकतो आणि परत रिझर्व्हला येईपर्यंत बघतो." असं मोजू नका, पेट्रोलचा काटा चढ-उतारावर हलतो. नॉझल आपोआप बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तशीच परत भरा आणि भागाकार करा. असं लागोपाठ तीन वेळा केलं की खरा आकडा मिळतो. त्यांच्याकडून मी दुरुस्तीआधी तसंच मोजवून घेतलं आणि ११.२ आले. टायर बदलले असतील तर तेही सांगा. १४५/८० आर-१३ च्या जागी १५५/८० टाकला तर चाकाचा घेर जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतो, मीटर कमी किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज कागदावरच पडतं. कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी मात्र तुलना नको, तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर ठरलेल्या वेगाने काढलेला असतो. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी.

राहिला शेवटचा सल्ला, इंजिन संपलं म्हणून गाडी काढून टाकायचा. इंजिन खरंच झिजलं असेल तर ते लपत नाही. निळसर धूर येतो, ऑइल खाली जात राहतं. आणि शंका नकोच असेल तर प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. सिलिंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर इंजिन उघडायचं बोला, त्याआधी नाही. गुरुजींना गाडीसाठी पंचेचाळीस हजारांचं गिऱ्हाईकही लागलं होतं. प्लग बाहेर होतेच, म्हणून त्यांच्यासमोर दाबाचा गेज लावला: १६५, १७०, १६५, १६०. चारही जवळजवळ सारखे, म्हणजे इंजिन धडधाकट. ब्रेकचं काम झाल्यावर तीन टाक्यांचा हिशेब त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणला, १५.१, १५.४, १५.२. चुंबकं त्यांनी शाळेच्या प्रयोगपेटीत ठेवली.