पाव्याला श्वास नाही, आम्हाला उसंत नाही

कच्छमधल्या भुजच्या उत्तरेला, बन्नीच्या गवताळ प्रदेशात सिंधी कलाम, म्हणजे सूफी काव्य, गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग ठरलं की शहरातल्या जाणकारांचा प्रश्न येतो, "त्यांनाच स्टुडिओत का नाही बोलवत?" बोलवा की! एकेकाला काचेमागे हेडफोन घालून बसवा आणि मग गाण्यातला जीव कुठे गेला ते शोधत बसा. ही मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघून गातात. गोल करून बसणार ते, सामान उचलून जायचं आपण. वाटेतल्या चौकीवर माइकची केसाळ टोपी हा प्राणी नाही, हे पटवून देण्याची तयारी मात्र ठेवावी.

बसायला भुंगा, म्हणजे तिथली गोल मातीची झोपडी, मिळते. फोटोला झकास, रेकॉर्डिंगला वैरी. गोल मातीची भिंत सगळा आवाज परतवून मधोमध गोळा करते आणि आपण हौसेने माइकही मधोमधच रोवतो. तो हातभर बाजूला सरकवावा, भिंतींना गोधड्या टेकवाव्यात. बन्नीत गोधड्यांचा तुटवडा नाही. अंगणात बसलात तर वारा आणि म्हशींच्या घंटा. पण बन्नीची म्हैस समजूतदार असते: रात्री चरायला जाते, सकाळी परतते. म्हणून बैठक इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर. म्हशी गेल्या की कुत्री ड्युटीवर येतात, ते वेगळं. फ्रीज, पंखा, मोबाइल बंद आणि यंत्रं बॅटरीवर, नाहीतर कलामाखाली रात्रभर वीज मंडळाची गुणगुण ऐकू येते.

बैठकीचा खरा मालक जोडिया पावा, म्हणजेच सिंधमधला अलगोजो. दोन बासऱ्या एकाच वेळी तोंडात. एक सूर धरते, दुसरी चाल वाजवते. लाकडाला भोकं पडली की पट्टी कायमची ठरली, फार तर मेण लावून केसभर दुरुस्ती. ही पट्टी हार्मोनियमच्या दोन स्वरांच्या बरोबर मधे पडली, तर पेटीवाल्याला आदराने चहा पाजून पेटी मिटवायची. सुरंदा, म्हणजे गजाने वाजवायचं तारांचं वाद्य, पाव्याला मिळवायचा, पाव्याला कोणी काही सांगायचं नाही. शिवाय नळीतली हवा 1 अंशाने तापली की सूर साधारण 3 सेंट (100 सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) चढतो आणि तारा तापल्या की उतरतात. थंडीत आधी दहा मिनिटं पावा फुंकून घ्यावा, मगच तारा जुळवाव्यात. नाहीतर पहिल्या गाण्यात लागलेलं दुसऱ्या गाण्यात भांडतं.

माइक तोंडासमोर लावला तर फक्त फुंकर मिळते. तो छिद्रांच्या रोखाने, 50 सेंटीमीटरवर. पावेवाला गालातली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. ऐकणाऱ्याला चमत्कार, संपादकाला जन्मठेप: कात्री लावायला फटच नाही. चुकलं की पहिल्यापासून. आणि कृपा करून कानात क्लिक, म्हणजे लय बांधून ठेवणारी यंत्राची टिकटिक, देऊ नका. लय चढणार, चढायलाच हवी.

सगळ्यात मोठा सापळा लेव्हलचा, म्हणजे आवाज किती वर ठेवून टिपायचा याचा. आधी बैत, म्हणजे सिंधी पद्य, येतो, तालाशिवाय, संथ. त्यावर लेव्हल लावून आपण निर्धास्त मांडी घालतो. मग सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाईंची (1689–1752) वाई, म्हणजे तालातलं गीत, सुरू होते, घड्यावर आणि घमेल्यावर थाप पडते, आवाज टिपेला जातात आणि मीटर लालबुंद. म्हणून चाचणीला वाईचीच सर्वात उंच ओळ गाऊन घ्यावी आणि ती उणे 12 डेसिबलवर ठेवावी. घडेवाल्याची अंगठी आधीच विचारून काढून घ्यावी. 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झवर आठ ट्रॅक तासाला सुमारे 4 जीबी खातात आणि कार्ड नेहमी वाईतच भरतं.

बशीतून चहा पिण्याची पद्धत थोर आहे, पण बशी कपावर आपटतेच. कागदी कप न्या. श्रोते येणारच, अख्खं गाव येतं. "शांत बसा" असं आपण म्हणू नये, वडीलधाऱ्यांना पुढे बसवावं, बाकी ते बघतात. त्यांची "वाह" मात्र ठेवावी, ती कापणाऱ्याला गाणं कळलेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

करारनामा त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा, नावं ते सांगतील तशी लिहावीत, प्रवासखर्च वेगळा, मानधन रोख. आणि हे सगळं रेकॉर्डिंग ऐकवण्याआधी. कारण ऐकवायला मोबाइल काढला की त्याच्या चिमुकल्या स्पीकरवर घड्याचा खर्ज पार गायब होतो आणि घडेवाला शेवटपर्यंत कान लावून विचारतो, "अदा (भाऊ), यात मी कुठाय?" पैसे अजून द्यायचे राहिले असतील, तर या प्रश्नाला उत्तर नसतं. बरा स्पीकर बरोबर न्या.