मुद्दाम वाकडी

कालचा राग अजून उतरला नाहीये, म्हणून लिहून टाकतो. टेबलाच्या टॉपसाठी फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या होत्या. क्लॅम्प आवळला की गोंदावरून त्या हमखास खालीवर सरकतात, म्हणून वरून-खालून आडव्या जाड पट्ट्या आवळाव्या लागतात. पण त्या पट्टीला क्लॅम्प लागतो फक्त दोन टोकांना, त्यामुळे सरळ पट्टी टोकांना दाबते आणि मधे नुसती हवा खात बसते. म्हणून एका कडेला मुद्दाम पोट ठेवायचं, 900 मिमीच्या पट्टीला मधे साधारण 2 मिमी, टोकांकडे उतरत शून्य. टोकं आवळली की पोट दबतं आणि दाब सगळीकडे बसतो. संपलं.

पहिली पट्टी झाली, पोटाला पॅकिंग टेपही लावली, गोंद चिकटू नये म्हणून. दुसरीला रंधा मारत होतो, टोकांकडून छोटे हात मग जरा लांब, मधल्या पेन्सिलच्या खुणेला अजिबात शिवायचं नाही, तेवढ्यात शेजारचे काका आले.

"ही वाकडी आहे रे."

"हो काका, मुद्दाम केलीय."

"मुद्दाम?" चष्मा नाकावर सरकला. माझाच गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) शोधून त्यांनी कडेला टेकवला, उजेडाकडे धरला. "हे बघ, उजेड दिसतोय."

"दिसायलाच पाहिजे."

"लाकूड ओलं असणार."

मग मी सगळं समजावलं. दोन पट्ट्या पोटाला पोट लावून धरल्या, टोकांना 4-4 मिमी फट दाखवली, मुठीत आवळून ती बंद होताना दाखवली. काकांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ते सगळं खरं. पण वाकडी आहे." वर कुत्र्याचं शेपूट आणि नळी पण ऐकवून झालं.

एक कळत नाही, मी लॅपटॉप घेऊन बसलो तर हेच काका फिरकत नाहीत, पण हातात रंधा दिसला की अख्ख्या बिल्डिंगला सुतारकाम येतं! कोणी विचारत नाही की बाबा तू काय करतोयस, सरळ दुरुस्तीच सुरू. आणि वयाने मोठे, म्हणजे आपण बोलायचं नाही.

फोन आला म्हणून आत गेलो. बाहेर येतो तर काका रंधा मारून घामाघूम, पायाशी लाकडाची लांबच लांब पातळ सालपटं, आणि माझी तयार पट्टी गुण्याला अशी टेकलेली की मधून कागद जाणार नाही. टेपही सोलून गोळा करून ठेवलेली. "हा कचरा पण काढला. एवढंसं तर काम होतं!"

मी "थँक्यू काका" म्हणालो. म्हणावंच लागलं ना.

आता ती पट्टी त्यांच्या घरी आहे, शेल्फ सरळ बसलंय का बघायला नेली. दुसरी पण आणून दे म्हणालेत, एका दमात करून देतो.